जुन्या गाडीचा रिमोट: आधी गाडी ओळखा, मग रिमोट विका



किल्लारीच्या बसस्टँडजवळ पाच-दहा मिनिटं उभं राहा आणि समोरून जाणाऱ्या गाड्या बघा. बोलेरो दिसेल, टवेरा दिसेल, दुधाचे कॅन भरलेली ओम्नी दिसेल, एखादी इंडिका, जुनी अल्टो, जुनी स्विफ्ट. यातल्या कितीतरी गाड्या कंपनीने बनवणंच बंद केलंय. मारुती ८०० २०१४ मध्ये बंद झाली, टवेरा २०१७ मध्ये, इंडिका २०१८ मध्ये, ओम्नी आणि सुमो २०१९ मध्ये. कंपनीने बंद केल्या, आपल्या लोकांनी नाही. गाडी ठणठणीत पळते, पण रिमोट केव्हाच गेलेला असतो. कुणाचा उसाच्या फडात पडला, कुणाचा पॅन्टीसकट धुतला गेला, कुणाचं बटण झिजून आत गेलं.

आता तो माणूस काय करतो? एक तर चावीने दरवाजा उघडतो आणि बाकीचे दरवाजे आतून हाताने लॉक करत बसतो, किंवा लातूर गाठतो. चाळीसेक किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, अर्धा दिवस गेला. म्हणजे गिऱ्हाईक आहे, अडचण आहे आणि जवळ सोय नाही. धंदा सुरू करायला आणखी काय लागतं?

लागतं. एक गोष्ट लागते, आणि तीच नसल्यामुळे या कामात नवखी माणसं बुडतात. गाडीत नेमकी कुठली यंत्रणा आहे हे ओळखल्याशिवाय रिमोट विकायचा नाही. रिमोट दिसायला सारखा असतो. बटणं तीच, आकार तोच, ऑनलाइन फोटोही तोच. मागवला, सेल टाकला, बटण दाबलं, गाडी ढिम्म! मग गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, पैसे परत द्या." आणि तो रिमोट तुमच्या काउंटरमध्ये वर्षभर पडून राहतो.

तीन प्रकारच्या गाड्या

पहिला प्रकार म्हणजे कंपनीने रिमोट दिलाच नव्हता अशा गाड्या. ८००, ओम्नी, जुनी अल्टो, सुमो, जीप. मालकाने नंतर ॲक्सेसरीजच्या दुकानातून सेंट्रल लॉकचा सेट बसवून घेतला. ऑटोकॉप, निप्पॉन, मिंडा अशी नावं तुम्ही रिमोटवर वाचली असतील, आणि बिननावाचे सेट तर ढिगाने आहेत. या सेटमध्ये डॅशबोर्डखाली एक छोटा बॉक्स असतो, दरवाज्यांत मोटरी असतात आणि सोबत दोन रिमोट येतात. रिमोट त्या बॉक्सशी बोलतो. गाडीच्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

दुसऱ्या प्रकारात रिमोट कंपनीचा असतो, चावीतच बसवलेला. त्या चावीच्या पोटात बहुतेक वेळा एक चिप असते. ती ओळख पटवते तेव्हाच इंजिन चालू होतं. याला इमोबिलायझर म्हणतात.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त घोळ घालतो. चावीत चिप कंपनीची, पण सेंट्रल लॉक बाहेरून बसवलेलं. खालच्या मॉडेलच्या काही गाड्यांत असं सापडतं. मालकाला वाटतं सगळं एकच आहे. तो सांगतो, "रिमोट चालंना झालंय आणि गाडीबी चालू होईना." तुम्ही नवा रिमोट देता, दरवाजे उघडतात, गाडी मात्र चालू होत नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! दरवाज्याचा रिमोट वेगळा, इंजिनाला परवानगी देणारी चिप वेगळी, हे डोक्यात पक्कं बसवा. चिपला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती एक गोल कॉइल असते, ती काही सेंटीमीटरवरून चिपला जागं करते आणि तिचा नंबर वाचते. म्हणून रिमोटचा सेल संपला तरी अशी गाडी चावीने चालू होते.

ओळखायचं कसं? चावी आणि रिमोट एकाच रिंगमध्ये पण सुटे आहेत का ते बघा. रिमोटवर गाडीच्या कंपनीचं चिन्ह आहे की दुसरंच नाव? डॅशबोर्डवर किंवा काचेजवळ चिकटवलेला छोटा लाल-निळा दिवा लुकलुकतोय का, बोनेटखाली वेगळा सायरन आहे का? असेल तर सेट बाहेरचा. मग इग्निशन ऑन करून मीटरमध्ये चावीचं किंवा गाडी-कुलपाचं चिन्ह येतं का बघा. येत असेल तर चिप आहे असं धरून चाला. हे सगळं करायला दोन मिनिटं लागतात, आणि त्याच दोन मिनिटांत तुमचा नफा-तोटा ठरतो.

रिमोट मेला की गाडी मेली?

गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न विचारा: "दुसरा रिमोट आहे का घरी?" दोन्ही रिमोट एकाच दिवशी बंद पडले असतील तर बहुधा दोष गाडीत आहे. फ्यूज, बॉक्स, गाडीची बॅटरी, नाहीतर कुणीतरी टेप बसवताना ओढलेली वायर. एकच बंद असेल तर दोष रिमोटमध्ये. जवळ गेल्यावरच चालतो, लांबून नाही, अशी तक्रार असेल तर आधी सेल बघा आणि मग बॉक्समधून लोंबणारी ती बारीक अँटेनाची वायर. ती गुंडाळून लोखंडाला चिकटवलेली असेल तर मोकळी करा. अशा कामाला माल शून्य लागतो.

सेलच्या बाबतीत अंदाज नको, मीटर वापरा. नाण्यासारख्या सीआर२०३२ सेलवर नवा असताना ३ व्होल्टच्या जरा वर आकडा येतो. २.८ च्या खाली आला की बदला. बाहेरच्या जुन्या सेटमध्ये लांबट १२ व्होल्टचे सेल असतात, २३ए आणि २७ए. लांबी जवळपास सारखीच, पण २३ए जाड असतो आणि २७ए बारीक. दोन्ही दुकानात ठेवा, नाहीतर गिऱ्हाईकाला उद्या या म्हणावं लागेल. सेल नवा असूनही दिवा लागत नसेल तर पत्र्या बघा. घामाने आणि पाण्याने त्यावर हिरवट थर चढतो. तो खरवडून काढा. बटण दाबूनही काही होत नसेल तर पट्टीवरचा छोटा स्विच गेलेला असतो. डाग देता येत असेल तर किरकोळ किमतीचा स्विच बदलून तोच रिमोट उठतो. डाग देणं शिकून घ्याच. या धंद्यातला सगळ्यात जास्त टक्के नफा तिथे आहे.

आणखी एक गंमत. घरातलं पोर रिमोट घेऊन दिवसभर टिकटिक करत बसलं, गाडी मात्र शेतावर. संध्याकाळी रिमोट गाडीला ओळखीचाच वाटेना. असं का होतं? चांगल्या सेटमध्ये दर वेळी बटण दाबलं की नवा कोड जातो. याला रोलिंग कोड म्हणतात. बॉक्सही आपल्या बाजूने मोजणी ठेवतो. कीलॉक नावाच्या, जगभर चाललेल्या पद्धतीत साधारणपणे पुढच्या १६ कोडपर्यंत बॉक्स लगेच ऐकतो. त्याहून पुढे गेला असेल तर सलग दोनदा दाबावं लागतं, तेव्हा मोजणी परत जुळते. म्हणून पेअरिंगला हात घालण्याआधी गाडीजवळ उभं राहून दोन-तीनदा सलग बटण दाबून बघा. चाललं तर गिऱ्हाईकाला कारण समजावून सांगा. फुकट सुटलं म्हणून तो गावभर तुमचं नाव सांगतो.

रिमोट जुळवायचा कसा

आता बाहेरच्या सेटचा रिमोट खरंच हरवलाय आणि नवा द्यायचाय असं धरू. बॉक्सचं नाव आणि मॉडेल वाचा. नंतर जुना रिमोट असेल तर तो उघडा. आतल्या पट्टीवर एका छोट्या धातूच्या भागावर ४३३ किंवा ३१५ असा आकडा असतो. ती रेडिओची फ्रिक्वेन्सी, मेगाहर्ट्झमध्ये. भारतात अशा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी ४३३ ते ४३४ चा पट्टा विनापरवाना मोकळा आहे, त्यामुळे आपल्याकडे बहुतेक ४३३.९२ सापडतं, पण बाहेरून आलेल्या स्वस्त मालात ३१५ सुद्धा निघतं. फ्रिक्वेन्सी जुळली म्हणजे काम झालं असं नाही. कोडची पद्धतही तीच हवी. ४३३ चा निप्पॉनचा रिमोट ४३३ च्या दुसऱ्या कंपनीच्या बॉक्सशी बोलेलच असं नाही. दोघं मराठीच बोलतात पण एक फोनवर आणि एक चिठ्ठीवर, तसं समजा.

बाजारात 'कॉपी रिमोट' मिळतात. जुना रिमोट समोर धरायचा, बटण दाबायचं, नकल तयार. हे फक्त फिक्स कोडवर चालतं, म्हणजे ज्यात दर वेळी तोच कोड जातो. रोलिंग कोडवर असा रिमोट निकामी. फिक्स कोडचं काम कराल तेव्हा गिऱ्हाईकाला हेही सांगा की तुम्ही जशी नकल केली तशी दुसराही कुणी करू शकतो. स्पष्ट सांगितल्यावर काहीजण स्वतःहून नवा सेट मागतात. (दुकानाच्या शटरचे रिमोट बरेचदा याच फिक्स कोडवर असतात, तेव्हा कॉपी रिमोट वाया जात नाहीत.)

पेअरिंगच्या आधीची एक सवय: ड्रायव्हरची काच पूर्ण खाली आणि गाडीची मूळ चावी तुमच्या खिशात. चावी आत, दरवाजे लॉक, गिऱ्हाईक बाहेर उभं, असा तमाशा या धंद्यात होतो. तुमच्या दारात व्हायला नको.

मग बॉक्सला 'लर्निंग'मध्ये न्यायचं. याचे साधारण तीन मार्ग दिसतात. काही बॉक्सवरच छोटं बटण असतं. काहींना डॅशबोर्डखाली लपवलेला व्हॅलेट स्विच असतो, इग्निशन ऑन करून तो दाबायचा. काहींना इग्निशन ठरावीक वेळा ऑन-ऑफ करावं लागतं. किती वेळा, किती सेकंदांत, हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून त्या मॉडेलचं माहितीपत्रकच धरा. सायरनने आवाज दिला किंवा इंडिकेटर लुकलुकले की बॉक्स ऐकायला तयार. नव्या रिमोटचं बटण दाबा, परत खूण मिळेल. लगेच दुसरा रिमोटही शिकवा.

इथे 'लगेच' शब्दाला वजन आहे. कित्येक बॉक्स लर्निंगमध्ये गेले की जुनी यादी पुसतात, किंवा यादी भरली की सगळ्यात जुना रिमोट बाहेर ढकलतात. म्हणून गिऱ्हाईकाला आधीच सांगायचं, "घरात असतील नसतील तेवढे सगळे रिमोट घेऊन या." नाहीतर तुम्ही नवा चालू करून दिला आणि घरी बायकोकडचा चालायचा बंद झाला. मग ओरडा तुम्हालाच.

हीच गोष्ट उलटी वापरली तर तुमची एक वेगळी सेवा तयार होते. जुनी गाडी तीन-चार हातांतून फिरलेली असते. आधीच्या मालकाकडे दुसरा रिमोट राहिलेला असतो आणि बॉक्स त्याला अजून ओळखतो. म्हणजे आज पैसे मोजून घेतलेल्या गाडीचा दरवाजा दुसराच माणूस खिशात हात घालून उघडू शकतो! किल्लारीत हा मुद्दा लोकांना पटकन समजेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गाव नव्या जागेवर वसलं, रस्ते रुंद झाले, आणि गाडी बहुतेक घरासमोर उघड्यावरच उभी असते. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना भेटा आणि सांगा: गाडी विकली की माझ्याकडे पाठवा, जुने रिमोट पुसून नवे शिकवून देतो. त्यांना विकायला सोपं, तुम्हाला काम.

आणि रिमोट मिळतच नसेल तर? माहितीपत्रक नाही, बॉक्सवरचं नाव पुसलेलं, बाजारात तो माल नाही. अशा वेळी शोधत बसू नका. बॉक्सच बदला. नवा बॉक्स दोन रिमोटसकट येतो, दरवाज्यातल्या मोटरी चांगल्या असतील तर त्याच राहू द्या. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या मोटरीला साधारण ५ वायरी असतात, बाकीच्यांना २. नव्या बॉक्सचा सॉकेट जुन्याला बसेलच असं नाही, म्हणून जोडणी जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. वायरिंग तोडून-जोडून शिकायचं असेल तर गिऱ्हाईकाच्या गाडीवर नको.

चिपच्या गाड्या

इथे सुरुवातीला एकच काम घ्या: फुटलेल्या चावीचं कव्हर बदलणं. पण त्यात एक सापळा आहे. जुन्या कव्हरच्या कोपऱ्यात, कधी चिकटवलेली, कधी प्लास्टिकच्या खाचेत लपलेली, शेंगदाण्याहून लहान काळी चिप असते. काहींमध्ये ती पट्टीवरच असते, मग प्रश्न नाही. सुटी असेल तर नव्या कव्हरमध्ये ती घालायलाच हवी. रिमोटची पट्टी बदलली, पातं बदललं आणि जुनं कव्हर कचऱ्यात टाकलं, तर दरवाजे उघडतील, गाडी चालू होणार नाही. चिप कचऱ्यात गेली आणि दुसरी चावी नसेल तर मालकाला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावं लागेल, ते बिल कोण भरणार? म्हणून कव्हर बदललं की जुनं कव्हर फेकायचं नाही, गाडी दोनदा चालू-बंद करून दाखवायची आणि मगच पैसे घ्यायचे.

नवी चिप लिहिणं, गाडीच्या सॉकेटला मशीन लावून चावी नोंदवणं, ही पुढची पायरी. केडी-एक्स२सारखी मशीनं रिमोट तयार करतात आणि काही चिपांची नकलही करतात. मशीन उत्तम आहे, पण पहिल्या महिन्यात कर्ज काढून घेऊ नका. सगळ्या चाव्या हरवलेली गाडी तर नवख्याने हातातच धरू नये. लातूरच्या अनुभवी चावीवाल्याशी ओळख ठेवा, काम त्याच्याकडे पाठवा, शेजारी उभं राहून बघा.

चावी कुणाला द्यायची

या धंद्यात तुम्ही कुलूप उघडण्याचं साधन विकता, हे विसरून चालत नाही. आरसी बघितल्याशिवाय पेअरिंग करू नका. मोबाईलवर डिजिलॉकरमधली किंवा एमपरिवहनमधली आरसी चालते. नाव आणि ओळखपत्र जुळवा, चासी नंबर गाडीवर वाचा. जुन्या गाडीची आरसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर असते, हे आपल्याकडे फार चालतं. अशा वेळी फॉर्म २९ आणि ३० च्या सह्या झालेल्या प्रती मागा किंवा जुन्या मालकाशी फोनवर बोला. "अहो, मी गावातलाच आहे की, ओळखत नाही का?" असं म्हणणारा भेटेलच. हसून सांगा, "मामा, ओळखतो म्हणूनच वहीत लिहून घेतो."

वही खरंच ठेवा: तारीख, गाडीचा नंबर, मालकाचं नाव, किती रिमोट नोंदवले, किती पुसले, सही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं किंवा ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि उद्या एखाद्या चोरीच्या गाडीत तुमचा रिमोट सापडला तर तुमच्या बाजूने बोलणारी ती वहीच असेल.

पैशाचं बोलू

हे आकडे फक्त हिशोब कळावा म्हणून धरलेत, तुमच्या बाजारातले भाव टाकून स्वतः करा. समजा नवा बॉक्स आणि दोन रिमोट ९०० रुपयांना पडले, इलेक्ट्रिशियनला २००, आणि बिल १६००. हातात ५००. चुकीचा सेट मागवला आणि परत जात नसेल तर ९०० अडकले, म्हणजे जवळपास दोन गाड्यांची कमाई गेली. उलट सेल समजा २५ चा आणि लावून, तपासून ७० घेतले, तर ४५ सुटतात आणि माल अडकत नाही. म्हणून तपासणीचे वेगळे पैसे ठेवा, ५० का होईना, आणि काम केलं तर ते बिलातून वजा करा. फुकट तपासणीला गर्दी होते, धंदा होत नाही.

भांडवलासाठी एक योजना तुमच्या थेट कामाची आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत कुलूप-चावी बनवणारा कारागीर आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज: आधी १ लाखापर्यंत, ते व्यवस्थित फेडलं की २ लाखांपर्यंत. वय १८ पूर्ण हवं, कुटुंबातून एकालाच मिळतं, आणि गेल्या ५ वर्षांत पीएमईजीपी किंवा तत्सम योजनेचं कर्ज घेतलेलं नसावं. मुद्राचं पूर्ण फेडलेलं असेल तर चालतं. नोंदणी सीएससी केंद्रात होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. पण ही योजना हाताने काम करणाऱ्या कारागिरासाठी आहे, म्हणजे आधी काम हातात हवं. दोन-तीन महिने कुणाकडे तरी बसून शिका, मग अर्ज करा.

पहिल्या खरेदीत एवढंच घ्या: डिजिटल मल्टीमीटर, डाग द्यायची चांगली इस्त्री, बारीक स्क्रू ड्रायव्हरचा संच, तीन-चार मापांचे सेल, छोटे स्विच, चार-पाच चावी-कव्हर आणि चांगल्या नावाचे दोन पूर्ण सेट. तिसरा सेट पहिला विकल्यावर.